मुलांबरोबर प्रकरणांचे पुस्तक वाचताना

चित्रांची पुस्तके भराभर संपवणारे मूल सात-आठ वर्षांचे झाले की घरात एक अवघड टप्पा येतो. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टींचा त्याला कंटाळा येऊ लागतो, पण दीडशे-दोनशे पानांचे, फारशी चित्रे नसलेले पुस्तक हातात दिले तर चार-पाच पानांनंतर ते उशीखाली जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. अक्षरे वाचता येणे वेगळे आणि आज वाचलेली गोष्ट मनात धरून उद्या तिच्या पुढच्या भागाची वाट पाहता येणे वेगळे. पहिली गोष्ट शाळा शिकवते; दुसरीसाठी बहुतेक मुलांना काही महिने तरी शेजारी बसून वाचणारे आणि वाचलेल्यावर बोलणारे मोठे माणूस लागते. हे काम कसे करावे, हे मी आमच्या मुलीबरोबर दोन पुस्तके वाचताना शिकलो, आणि त्यातले जे इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते ते येथे लिहीत आहे.

पुस्तक निवडताना पालक सहसा मुलाचे वय पाहतात. मी त्याआधी प्रकरणांची लांबी पाहतो. पहिल्या पुस्तकाचे प्रकरण मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटांहून अधिक लागू नये, आणि शक्यतो प्रत्येक प्रकरणात एखादा प्रसंग पुरा व्हावा, म्हणजे मूल दमले तरी अर्धवट राहिल्याची चुटपुट लागत नाही. या कसोटीवर 'तोत्तोचान' फार चांगले उतरते. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे आठवणींचे पुस्तक जपानी भाषेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे. त्याची प्रकरणे लहान आहेत, शाळा आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरते, आणि नायिका पहिल्या शाळेतून काढून टाकलेली एक बडबडी मुलगी आहे. एवढ्या भांडवलावर बहुतेक मुले पुढचे ऐकायला तयार होतात.

दुसरे पुस्तक आम्ही 'श्यामची आई' घेतले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची रचनाच रोज थोडे थोडे ऐकण्यासाठी केलेली आहे. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, आणि म्हणून त्यात 'प्रकरण पहिले' असे न लिहिता 'रात्र पहिली' असे लिहिलेले आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. खंड न पाडता रोज एक वाचली तर सहा आठवडे लागतील. आम्हाला पाहुणे, परीक्षा आणि ताप धरून तीन महिने लागले. त्यातली मराठी आजच्या मुलाला जड जाते, काही प्रसंग अवघड आहेत आणि शेवट दुःखद आहे, त्यामुळे आठ वर्षांच्या आत हे पुस्तक घेऊ नये असे माझे मत आहे. मात्र मुलाबरोबर बोलायला इतके देणारे दुसरे मराठी पुस्तक मला तरी भेटलेले नाही.

विकत घेताना एक काळजी घ्यावी. साने गुरुजी १९५० साली गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येते. बाजारात अनेक आवृत्त्या आहेत आणि त्यांतल्या काही संक्षिप्त आहेत, तर काहींचे टंक इतके बारीक आहेत की मुलाला ओळीवर बोट ठेवून सोबत वाचताच येत नाही. अनुक्रमणिका उघडून बेचाळीस रात्री मोजाव्यात आणि मधले कोणतेही पान मुलाकडून वाचून घेऊन मगच पैसे द्यावेत.

आता प्रत्यक्ष बैठकीविषयी. वेळ ठरलेली असावी आणि ती रोज तीच असावी. आमच्याकडे जेवणानंतर, दात घासून झाल्यावरची होती. झोप डोळ्यांवर आलेली असताना गप्पा होत नाहीत, त्यामुळे निजण्याच्या वेळेआधी किमान अर्धा तास हाताशी ठेवावा. त्यातली पंधरा-वीस मिनिटे वाचनाला आणि उरलेली बोलण्याला. दूरचित्रवाणी बंद असावी हे सांगायला नको, पण वाचणाऱ्याचा भ्रमणध्वनीही दुसऱ्या खोलीत असावा, कारण वाचता वाचता मोठ्या माणसाची नजर एकदा जरी तिकडे गेली तरी मूल ते टिपते.

सुरुवात 'काल आपण कुठे थांबलो होतो?' या प्रश्नाने करावी आणि मुलाने चुकीचे किंवा अपुरे सांगितले तरी लगेच दुरुस्त करू नये. आठवण जुळवणे हाच लांब पुस्तकाचा खरा व्यायाम आहे. मुलाला काहीच आठवले नाही तर आदल्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचावा. बहुधा तीन-चार वाक्यांत सगळे परत येते. पात्रे फार असतील तर वहीच्या एका पानावर त्यांची नावे आणि नाती मुलानेच लिहावीत किंवा काढावीत. आमच्या मुलीने श्यामच्या घराचा नकाशा काढला होता, त्यात ओटी, पडवी, माळा, विहीर आणि गोठा होता, आणि प्रत्येक रात्री नवा तपशील मिळाला की ती त्यात भर घालत असे. साने गुरुजींचे गाव पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात आहे, हेही तिने महाराष्ट्राच्या नकाशावर शोधून त्यावर टिंब दिले.

वाचन बहुतांश मोठ्या माणसाने करावे, विशेषतः पहिल्या पुस्तकात. इंग्रजी माध्यमात शिकणारी पुष्कळ मुले मराठी उत्तम बोलतात पण जोडाक्षरांपाशी अडखळतात, आणि अडखळत वाचताना गोष्टीचा धागा सुटतो. अशा मुलाने संवाद वाचावेत आणि वर्णन मोठ्यांनी वाचावे, ही वाटणी फार सोयीची पडते. संवाद लहान असतात, ते कोणत्या सुरात म्हणायचे याचा विचार मुलाला करावा लागतो, आणि आपल्या पात्राची पाळी केव्हा येते याकडे त्याचे लक्ष राहते. कोणत्याही परिस्थितीत गोष्टीच्या मध्येच मुलाचा उच्चार सुधारत बसू नये. तो शब्द आपल्या वाक्यात पुढे कधीतरी नीट उच्चारला की पुरते.

जुन्या शब्दांचे काय करावे, हा प्रश्न 'श्यामची आई' वाचताना पहिल्याच पानापासून पडतो. सोवळे, शिंपटी, पत्रावळ, द्रोण, लुगड्याचे ओचे हे शब्द आजच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने ऐकलेलेच नसतात. प्रत्येक शब्दापाशी थांबलो तर गोष्ट मरते, आणि एकापाशीही थांबलो नाही तर मूल हळूहळू बाहेर फेकले जाते. आम्ही असे ठरवले की ज्या शब्दावाचून पुढचे कळणारच नाही तेवढ्याच शब्दापाशी थांबायचे, आणि तेथेही आधी तिने अंदाज करायचा. 'शिंपटी म्हणजे काय असेल?' असे विचारल्यावर ती म्हणाली, 'मारायची काठी, पण बारीक.' वाक्यातल्या खुणांवरून तिने ते ओळखले होते. बाकीचे शब्द तिने पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले आणि रविवारी आजीला विचारले. पळसाच्या पानांची पत्रावळ कशी लावतात हे आजीने हातवारे करून दाखवले तेव्हा त्या विषयावरची रात्र तिला पुन्हा ऐकायची होती, आणि आम्ही ती पुन्हा वाचली.

गप्पांकडे येतो, कारण बहुतेक घरांत येथेच घोटाळा होतो. आपण सगळे 'या गोष्टीचे तात्पर्य काय?' हा प्रश्न ऐकत वाढलो आहोत, आणि पुस्तक मिटताक्षणी तो आपोआप आपल्या तोंडून निघतो. तो विचारू नये. मोठ्या माणसाने तात्पर्य मागितले की गोष्टीत एकच बरोबर उत्तर लपलेले आहे आणि ते आईबाबांना आधीच माहीत आहे, असे मुलाला कळते. मग ते गोष्टीकडे पाहायचे सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागते आणि 'नेहमी खरे बोलावे' यासारखे एखादे सुरक्षित वाक्य देऊन मोकळे होते.

सहाव्या रात्री मला याचा प्रत्यय आला. त्या प्रकरणात अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला तिचे ओचे धोंड्यावर पसरायला सांगतो, आई ते पसरते, आणि मग पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही घाण लागू नये म्हणून जप, अशा अर्थाचे बोलते. महाराष्ट्रात हा प्रसंग ठाऊक नसलेले घर विरळा, आणि मीही त्याच वाक्याची वाट पाहत वाचत होतो. वाचून झाल्यावर मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'बाबा, पण मग आईचे लुगडे मळले असेल ना? ते कोणी धुतले?' माझ्या ओठांवर मनाच्या स्वच्छतेचा धडा आलाच होता. तो गिळून मी तिला विचारले, 'तुला काय वाटते?' त्यावरून श्यामच्या घरी धुणे कोण धूत असेल, आईकडे किती लुगडी असतील, आणि लुगडे मळणार हे माहीत असूनही तिने ते का पसरले असेल, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मनाच्या घाणीबद्दल त्या रात्री एक शब्दही निघाला नाही, आणि त्यात काही बिघडले असे मला वाटत नाही. तिने त्या प्रसंगात आईला पाहिले होते. मी तिला वाक्य दाखवायला निघालो होतो.

मग विचारायचे तरी काय? ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल बोलण्यासाठी चार साधे प्रश्न सुचवलेले आहेत: काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यासारखे वाटले, आणि कोणत्या गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या किंवा पुन्हा पुन्हा आलेल्या दिसल्या. घरी हे चारही एका दमात विचारू नयेत. ती परीक्षा होते. एका रात्री एकच घ्यावा. माझ्या अनुभवात तिसरा प्रश्न सर्वांत फलदायी आहे, कारण 'मला हे कळले नाही' असे म्हणायची मोकळीक मुलाला क्वचितच मिळते. चौथा प्रश्न पुस्तक अर्धे झाल्यावर उपयोगी पडतो, तेव्हा मागे पाहायला काहीतरी साचलेले असते.

चेंबर्स यांनी आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे आणि ती मराठी घरांत विशेष लागू पडते. मुलाने 'आवडले' म्हटल्यावर लगेच 'का?' असे विचारू नये. आपल्याकडे 'का' हा शब्द मुलाने बहुतेक वेळा रागावण्याच्या सुरात ऐकलेला असतो: का सांडलेस, का उशीर केलास. त्यामुळे ते बचावाच्या पवित्र्यात जाते. त्याऐवजी 'त्याबद्दल आणखी सांग ना' असे म्हणावे आणि मग थांबावे. हे थांबणे कठीण असते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, कारण बोलायच्या आधी मूल शब्द जुळवत असते आणि आपल्याला ती शांतता अपयशासारखी वाटते. 'तोत्तोचान'च्या सुरुवातीलाच मुख्याध्यापक कोबायाशी त्या लहान मुलीला मनात येईल ते सांग म्हणतात आणि चार तास तिचे बोलणे ऐकतात. चार तास कोणालाच शक्य नाहीत, पण पाच मिनिटे मध्ये न बोलता ऐकणे प्रत्येकाला जमते, आणि ते प्रकरण वाचून झाल्यावर मुलीने मला अगदी गंभीरपणे विचारले होते की, 'तू मला किती वेळ ऐकू शकशील?'

पालकाने स्वतःचे मत सांगूच नये, असा याचा अर्थ नाही. काही ठिकाणी ते सांगावेच लागते. 'श्यामचे पोहणे' या बाराव्या रात्रीत विहिरीत पोहायला भिणारा श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारून पाठवते. वाचता वाचता मुलगी ताठ बसली आणि तिने सरळ विचारले, 'आईने मारले ते बरोबर होते का?' हे पुस्तक पूज्य आहे म्हणून तिला उत्तर टाळून देणे मला अप्रामाणिक वाटले. मी सांगितले की मुलगा भित्रा राहू नये ही आईची तळमळ मला पटते, तिचा मार्ग पटत नाही, आणि त्या काळी बहुतेक घरांत मुलांना मारणे चुकीचे मानत नसत. मग तीच म्हणाली की श्यामला तेव्हा राग आला असेल पण मोठेपणी तो ही गोष्ट मित्रांना प्रेमाने सांगतो, हे तिला विचित्र वाटते. मलाही त्याचे पूर्ण उत्तर देता आले नाही. अशा वेळी 'मलाही ठाऊक नाही' हे म्हणायला हरकत नाही, आणि प्रश्न वहीत लिहून ठेवावा. पुस्तक पुढे गेल्यावर तो पुन्हा निघतो.

अस्पृश्यतेचा प्रसंग त्याहून नाजूक आहे. 'देवाला सारी प्रिय' या रात्रीत एका महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. शिवाशिव म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलाला यातले मोठेपण कळणारच नाही, त्याला फक्त एका आजीला केलेली मदत दिसेल. हे पान गाळून पुढे जाण्याचा मोह होतो, तो आवरावा. जन्मावरून माणसाला स्पर्श न करण्याची रीत आपल्या समाजात होती, ती अन्यायाची होती, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने ती रद्द केली, एवढे साध्या शब्दांत आधी सांगावे. माझ्या मुलीला सर्वांत जास्त पटले ते पुढचे: हे लिहिणारे साने गुरुजी मोठेपणी, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले होते. मोळी उचलणारा मुलगा आणि उपोषण करणारा माणूस यांच्यातला धागा तिने स्वतःच जोडला. ज्या घरांनी हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे तेथे या प्रकरणावर बोलण्यासारखे याहून पुष्कळ असेल, आणि तेथे आजी-आजोबांच्या आठवणींना पुस्तकापेक्षा अधिक जागा द्यावी.

सर्वच पुस्तकांवर इतके बोलावे असे नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात सापडलेला असताना प्रश्न विचारणारा पालक मुलाला नकोसा होतो, आणि ते योग्यच आहे. रहस्य आणि साहसाच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी 'आता काय होईल?' एवढेच विचारावे, मुलाचा अंदाज ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी तो पडताळून पाहावा.

मुलाचे लक्ष उडाले तर काय करावे, असे अनेक पालक विचारतात. हाताला काम द्यावे. काही मुले चित्र काढताना किंवा मातीचा गोळा मळताना जास्त चांगले ऐकतात. सलग तीन-चार रात्री कंटाळा दिसला तर पुस्तक बदलावे आणि त्याचा अपराध वाटून घेऊ नये. दोन मुले असतील तर धाकट्याला बोलण्याची पाळी आधी द्यावी, कारण थोरल्याने उत्तर दिल्यावर धाकटे बहुधा तेच पुन्हा म्हणते. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई परदेशी असलेल्या आजी-आजोबांसाठी तर हे काम अतिशय सुंदर आहे. दोन्हीकडे एकाच आवृत्तीची प्रत ठेवावी, पानांचे क्रमांक जुळतात याची खात्री करावी, आणि आठवड्यातले दोन दिवस व्हिडिओ कॉलवर वाचावे. तिकडे सकाळ आणि इकडे रात्र असली तरी चालते.

'श्यामची आई'तल्या शेवटच्या काही रात्रींविषयी आधीच ठरवून ठेवावे. कर्ज, अपमान, आईचे आजारपण आणि तिचा मृत्यू ओळीने येतात, आणि मोठ्यांचाही आवाज वाचताना भरून येतो. मी आधी एकट्याने ती प्रकरणे वाचून काढली. मग मुलीला सांगितले की, पुढे आई जाणार आहे, आणि हवे तर आपण थांबू. ती म्हणाली की तिला माहीत आहे, कारण श्याम पहिल्यापासून आईबद्दल 'होती' असे बोलतो. ती प्रकरणे आम्ही रात्री न वाचता रविवारी सकाळी वाचली, म्हणजे नंतर पूर्ण दिवस हातात होता. आईच्या आजारपणाच्या पानांवर मी थांबलो आणि पुढचा परिच्छेद तिने वाचला. त्या दिवशी प्रश्न विचारले नाहीत. दुपारी ती स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरत होती, आणि आम्ही त्यावर काही बोललो नाही.

पुस्तक संपल्यावर ते मुलाचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर ठेवावे आणि नवे पुस्तक लगेच सुरू करू नये. आठवडाभर मधे जाऊ द्यावा. आमच्याकडे पाचव्या दिवशी ती पुस्तक घेऊन एकटीच गॅलरीत बसलेली दिसली. तिने मोरी गाईची रात्र उघडली होती आणि श्यामच्या आईचे बोलणे ती वेगळा आवाज काढून, अडखळत, मोठ्याने वाचत होती.